हा चमचा कुठला?

९ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, वाजतो, पण तू उचलत नाहीस. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडून देण्यात गेली माझी. घरात कुणी नसताना वाजणारा फोन आणि समोर बसून वाजू दिलेला फोन, ऐकणाऱ्याला सारखेच. पण ऑपरेटरला फरक कळतो. म्हणून पत्र.

मला भांडायचं नाही. भांडायचं असतं तर तू दारात उभी होतीस तेव्हाच भांडले असते. तू बॅग उचललीस आणि म्हणालीस, "आई, तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही. पण या स्वयंपाकघरात मी बरी होणार नाही." तेव्हापासून मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. मुद्दाम नाही, बरं. मग काय? विसरभोळेपणाने? घाणेरडेपणाने?

डॉक्टरांनी तुझा आजार सांगितला त्याला वर्ष झालं. गव्हात ते ग्लूटेन असतं, ते तुझ्या आतड्यांना जाळतं, चिमूटभरसुद्धा चालणार नाही. मी म्हटलं, ठीक, गहू नाही तर नाही. पण तेवढ्यावर भागेना. तुझी कढई वेगळी, घासणी वेगळी, तुझं फडताळ सगळ्यात वर, म्हणजे आमच्या ब्रेडचा चुरा खाली तुझ्या डब्यांवर पडायला नको. तुझ्या चमच्यांच्या दांड्यांना तू लाल चिकटपट्टी लावलीस. मी एक शब्द बोलले नाही. मनात बोलले असेन.

आणि तरी तुझं पोट फुगायचं ते फुगायचंच. तोंड यायचं, केस गळायचे, रक्त वाढेना. रिपोर्ट बघून त्या डॉक्टरांनी तुलाच विचारलं, "चोरून काही खात नाही ना?" तू तिथे रडलीस. मी दाराबाहेर बाकावर होते, मला ऐकू आलं.

एक सांगते. मागच्या आठवड्यात तू बाथरूममध्ये उलट्या करत होतीस तेव्हाही मी दाराबाहेर होते. आत यावं की नाही कळेना. शेवटी गॅसवरचं दूध बघायला गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

तुझा नवरा काही बोलत नाही. बाइंडिंगच्या दुकानातून येतो, हातपाय धुतो, गप्प बसतो. तुला रोज संध्याकाळी संत्रं सोलून द्यायची त्याची सवय. काल त्याने सोललं, फोडी सुट्या केल्या, आणि मग कुणाला द्यायच्या ते त्याला कळेना. मला दिल्या. मला संत्रं आवडत नाही, पण खाल्लं.

तब्येत कळव. एवढंच.

तुझ्या सासूबाई

२२ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. माहेरी तुला बरं वाटतंय, उलट्या थांबल्या, वाचून आनंद झाला. नाही, खरं सांगू? आधी वाईट वाटलं, मग आनंद झाला. मग आधी वाईट वाटल्याचं वाईट वाटलं. असं हल्ली माझं चाललंय.

तू लिहिलंस, "त्या घरात माझं दुखणं फक्त त्यांनाच कळलं." माझ्या पोटचाच आहे तो, त्याचं कौतुक मला नको का व्हायला? झालं. तरी ती ओळ मी परत वाचली नाही.

आता ऐक. मी घरातून गहूच काढून टाकला. पीठ, मैदा, ब्रेड, बिस्किटं, शेवया, सगळं शेजारणीला देऊन आले. ती म्हणाली, "गाव सोडून चाललात की काय?" लाकडी पोळपाट, लाकडी डाव, चाळणी, टोस्टर टाकून दिले. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, तूच सांगितलं होतंस. पोळपाट माझ्या लग्नातला होता. असो. फडताळं गरम पाण्याने पुसली, ओट्याच्या फटीतून काडीने काय काय काढलं. मीठ, मसाले, साखर नवीन आणली, कारण जुन्या बरण्यांत मी पिठाचा हात घातला असेल. घातला असेलच. कुठल्या बाईने घातला नसेल?

मला तुझ्यावर रागही येतो, हे लिहून ठेवते. विष असतं तर समजलं असतं. गहू म्हणजे विष कसं? ज्यावर मी माझं पोर वाढवलं, त्याच्या एका कणाने माझी सून मरायला टेकते, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. कानांनी ऐकते, मान डोलावते, आणि आत काहीतरी म्हणतं, असं कसं असेल? पण तुझे उतरलेले खांदे मी बघितलेत. म्हणून डोक्याचं ऐकत नाही.

घर तयार आहे. एकदा येऊन बघ.

सासूबाई

१० मार्च

सूनबाई,

शनिवारी येतेस म्हणालीस, ते त्याने सांगितलं. आनंद तर आहेच, पण मला भीती वाटतेय. ती आधीच सांगून टाकते.

परवा मी ओटा पुसला. मग वाटलं, पुसला का? परत पुसला. भाजी चिरायला घेतली, आणि सुरी धुतली की नाही ते आठवेना. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. असं सगळ्यांचंच होतं, माझं आधीही व्हायचं. पण आता प्रत्येक गोष्टीचा मी दुसरा अर्थ काढते. तू इथे असताना मी असंच विसरत असेन का? तुझ्या लाल पट्टीच्या चमच्याने आमची शेवयांची खीर ढवळली असेल, आणि मला खरोखरच आठवत नसेल? मी शपथेवर सांगितलं असतं की एकदाही नाही. पण विसरलेल्या माणसाच्या शपथेला काय किंमत?

स्वतःच्याच पाठीमागे उभी राहून स्वतःवर पहारा करतेय, असं वाटतं. हात माझे, आणि तेच चोर असल्यासारखे त्यांच्यावर नजर.

तू ये. तू समोर उभी राहा, मी तुझ्यादेखत करीन.

आई

२६ मार्च

सूनबाई,

काय लिहू?

तू स्टुलावर बसलीस, मी नवीन पातेल्यात भात लावला, बटाटे उकडले, अंडी केली. तू विचारत होतीस, "हा चमचा कुठला? हे तेल कधी उघडलं?" मी सांगत होते. मला राग आला नाही, खरंच. तू पोटभर जेवलीस. संध्याकाळी तुम्ही दोघं संत्रं घेऊन गॅलरीत बसलात, तुझं हसणं आत ऐकू आलं, आणि मी उगाचच कपाट आवरत तिथेच घुटमळले.

आणि मग परत तेच. तेच पोट, त्याच उलट्या.

सकाळी तू निघालीस तेव्हा माझ्याकडे बघितलंस. राग असता तर परवडला असता. तुझ्या नजरेत दया होती. म्हणजे जे माझ्या मनात होतं तेच तुझ्याही मनात आलं: म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. "आई, काळजी घ्या," म्हणालीस तू. आजारी तू, आणि काळजी मी घ्यायची.

तू गेल्यावर मी घरातला एकूण एक डबा उघडून जमिनीवर मांडला. तांदूळ, साखर, मीठ. मध्ये बसले. यातलं कुठलं? मला काही दिसेना. दिसणारच नाही असं म्हणतात ना? मग शोधायचं कसं?

पोरगा आला, डब्यांच्या कडेकडेने चालत खोलीत गेला. म्हणाला, "आई, पुरे आता."

३ एप्रिल

सूनबाई,

तुझ्या त्या आहाराच्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले होते. एकटी. तुला न विचारता गेले, रागावू नकोस.

पोरगीच आहे ती, तुझ्याहून लहान. मी तिला म्हटलं, "माझी सून तुमची पेशंट आहे. तिला मी आजारी पाडतेय आणि मला ते आठवत नाहीये. माझ्या डोक्याची तपासणी कुठे होते तेवढं सांगा." ती दचकलीच. मग तिने मला पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. काय शिजवलं, कशात, कोणी वाढलं.

सगळं ऐकून म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरात मला तरी काही चूक दिसत नाही."

सूनबाई, मला रडू आलं. वर्षभरात कुणी असं म्हटलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "घरात आणखी कोण आहे?"

"मुलगा. पण तो स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. फार तर बायकोला फळ सोलून देतो."

"काम काय करतात?"

"पुस्तकं बांधतो. आधी ऑफिसच्या फायली बांधायचा, आता दोन वर्षं झाली, जुनी पुस्तकं दुरुस्त करतो."

"चिकटवतात कशाने?"

मी म्हटलं, "गोंदाने. आणखी कशाने?" ती म्हणाली, "एकदा विचारून बघा."

मला तिचं म्हणणं कळलं नाही. कळलं नाही असं मी स्वतःला सांगतेय, की खरंच कळलं नाही, तेही कळत नाही. उद्या दुकानात जाईन म्हणते.

आई

(हे पत्र तुला पाठवलं नाही. पुढच्याबरोबर पाठवतेय.)

१९ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र नीट बसून वाच. जवळ तुझी आई असली तर बरं.

मी दुकानात गेले. त्याच्या आतल्या खोलीत मी बऱ्याच वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तो छोट्या शेगडीवर पातेलं ठेवून उभा होता आणि वरून चाळणीने काहीतरी चाळत होता. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात पांढरी धूळ तरंगत होती. त्याच्या भुवयांवर, बाह्यांवर, सगळीकडे.

"काय रे ते?"

"मैदा. खळ करतोय."

"मैद्याची?"

"मग खळ कशाची करतात, आई? जुन्या कागदाला गोंद लावला तर कागद कडक होतो, पुढे कुणाला उघडता येत नाही. खळ पाण्याने सुटते."

एवढं तो एका दमात कधी बोलत नाही. आपल्या कामाचं बोलत होता ना. पुस्तकाच्या कण्यात ब्रश पोचत नाही म्हणून खळ बोटाने भरतात, तेही त्याने करून दाखवलं. मग ॲप्रनला हात पुसले, केळं घेतलं, अर्धं सोललं आणि माझ्यापुढे धरलं. "जेवली नसशील."

ते केळं माझ्या हातात होतं, सूनबाई. सालाच्या खाली, पांढऱ्या गरावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता.

मी तिथल्याच एका जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसले. मग त्याला सांगितलं. आधी तो हसला. "खळ काय खायची वस्तू आहे? आणि मी हात धुतो की." मी म्हटलं, "नखं बघू." त्याने टोचा घेतला आणि नखाखालून काढलं. समोर काळ्या चामड्याचा तुकडा होता, त्यावर ठेवलं. तांदळाच्या कणीहून लहान, वाळलेलं, पिवळट. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो तर किती वेळ बघत होता.

तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. फायली बांधायचा तेव्हा बाटलीतला गोंद असायचा. हे दोन वर्षांतलं. आणि गहू फक्त ताटात असतो, असंच आपण सगळे धरून चाललो होतो. तो तुला दर संध्याकाळी फोडी सोलून द्यायचा. दुसऱ्या कुणापेक्षा जास्त जपायचा म्हणून द्यायचा.

मग तो म्हणाला, "आई, तिला नको सांगूस. मी उद्यापासून तांदळाची खळ करतो. कपडे इथेच बदलतो, आंघोळ करून मगच घरी येतो. ती बरी होईल. कशाने आजारी पडत होती ते कळायची काय गरज आहे?"

मी म्हटलं, "मग कोणामुळे पडत होती असं तिला वाटेल?"

तो दाबयंत्राचं चाक उगाच फिरवत राहिला.

मी हो म्हटलं, सूनबाई. तुझं ते वाक्य मला पाठ होतं, "फक्त त्यांनाच कळलं." तेवढं एक तुझ्याकडे शिल्लक होतं आणि ते मी कशाला काढून घेऊ? माझ्याबद्दल तुझं मत झालेलंच आहे, त्यात आणखी काय बिघडणार? वर्षभर मला यातून सुटायचं होतं. सुटले, तर माझ्या जागी पोरगा उभा दिसला. त्यापेक्षा माझ्याच हातून झालं असतं तर बरं, असं वाटलं. वेडेपणा आहे, पण वाटलं.

मग तुझ्या आईचा फोन आला. विहीणबाई म्हणाल्या, तू आता त्यांच्याही हातचं खात नाहीस. स्वतःचा भात स्वतः शिजवतेस, बाकी काही नाही. पुन्हा वजन उतरलं. "तिचा कोणाच्याच हातावर विश्वास राहिला नाही हो," म्हणाल्या आणि रडल्या. तेव्हा मला धडकी भरली. मी गप्प राहून तुझ्यासाठी एक नवरा वाचवत होते, आणि तू सगळ्या जगाला घाबरायला लागली होतीस. तू जन्मभर स्वयंपाकघरंच तपासत बसशील आणि गहू दुसरीकडूनच येत राहील.

त्याला म्हटलं, मी लिहिणार. तो जेवला नाही. "तुला सुटायचंय म्हणून लिहितेस," म्हणाला. असेलही, मला सांगता येईना. पण सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "पाकीट बंद केलंस का?" मी म्हटलं, अजून नाही. "कर. मीच टाकून येतो."

म्हणजे हे पत्र त्याच्या हातून तुझ्याकडे येतंय. हात धुऊन टाकायला सांगितलंय.

आई

६ मे

सूनबाई,

माझ्या डोक्याचा अगदी भुगा झालाय.

तू फोन केलास. त्याच्याशी बोललीस, कितीतरी वेळ दार बंद होतं. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ सरळ होती. मला वाटलं होतं, त्याच्यावर कडाडशील. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तू एकच विचारलंस, "आई, तुम्हाला कधी कळलं होतं?"

मी म्हटलं, "पत्र लिहिण्याआधी पंधरा दिवस."

तू फोन ठेवलास.

म्हणजे ज्याच्या हातून झालं त्याच्याशी तू बोलतेस, आणि जिच्या हातून झालं नाही तिच्यावर रागावतेस! संध्याकाळपर्यंत मी धुसफुसत होते. मग जरा शांत झाल्यावर कळलं, की मी केलं नाही त्याचा राग वेगळा होता आणि लपवलं त्याचा वेगळा आहे. पहिला परत घे. दुसरा राहू दे माझ्याकडे, तो माझाच आहे.

त्याची तांदळाची खळ पहिल्यांदा पाण्यासारखी झाली. एका गृहस्थांनी पुस्तक उचललं, तर पुठ्ठा हातात आणि पानं जमिनीवर. आता तांदूळ रात्रभर भिजवून, वाटून, गाळून करतो. दुकानातला मैदा सगळा गेला. खोली धुतली, भिंतीला रंग दिला. नखं इतकी कापलीत की बोटं सोलल्यासारखी दिसतात.

तू ये म्हणत नाही. वाटलं तर ये.

आई

२१ जून

सूनबाई,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी बाहेर बसून तुला पत्र लिहितेय. कुणी बघितलं तर काय म्हणेल? पण या महिन्यांत तुझ्याशी बोलायचं म्हणजे कागद घ्यायचा, अशी हाताला सवयच लागली आहे.

सकाळी तू आलीस. रिपोर्ट दाखवलास, गव्हाने रक्तात वाढतो तो आकडा पहिल्यांदा खाली आलाय म्हणालीस. मला आकड्यातलं काही कळत नाही, मी तुझे गाल बघितले. मग मी स्वयंपाकाला लागले आणि मनात म्हटलं, आज ही विचारणार नाही. आता सगळं उघड झालंय, आता माझ्या हातचं मुकाट्याने खाईल.

तू स्टूल ओढलंस आणि म्हणालीस, "आई, हा चमचा कुठला?"

टचकन लागलं मला. इतकं सगळं होऊन परत तेच? मी सांगितलं, नवा, तुझाच. "मीठ?" नवं. "तांदूळ?" पाकीट दाखवलं. आवाज माझा जरा चढलाच असेल. तेवढ्यात तो आंघोळ करून आला, आणि तू त्याला म्हणालीस, "शर्ट दुकानातलाच नाही ना? नखं दाखव." त्याने शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे केले, पालथे, मग उताणे. हसत होता. तूही हसत होतीस, पण बघत मात्र नीट होतीस, एकेक बोट. मग तू स्वतःचा पेला उजेडात धरलास आणि तोही तसाच बघितलास.

तेव्हा मला कळलं. बहुतेक कळलं. तू मला विचारत नव्हतीस, तू चमच्याला विचारत होतीस. माणसं रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात, म्हणून काय गाडीवाल्यांवर संशय घेतात? तुला जन्मभर असं विचारावं लागणार, आणि मला सांगावं लागणार. रोज, दोन्ही वेळा. मी विसरले असेन तर "विसरले" असं सांगायचं, आणि तू ते ताट बाजूला सारायचं. तेवढंच. यात अपमान कुठे होता, आणि तो मी वर्षभर कुठून आणला?

तू जेवलीस. भात परत घेतलास.

आणि आता मी इथे कान लावून बसले आहे. तुला त्रास व्हायचा तो जेवणानंतर दोन-तीन तासांत व्हायचा. तू कुशीवर वळलीस तरी माझं पेन थांबतं. मघाशी खोकलीस, मी उठून दाराशी गेले. आत यायचं की नाही, परत तेच. या वेळी आत आले. तू गाढ झोपली होतीस, तोंड जरा उघडं. मी पंखा कमी केला आणि बाहेर आले.

तोही आज दुकानात गेला नाही. पेपर उघडून बसलाय, पण मघापासून पान उलटलेलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

आत कॉट करकरली. तू उठलीस वाटतं. पावलं बाथरूमच्या दिशेने. नाही. थांबली. सूनबाई, मला काही सुचत नाहीये, मी नुसती लिहीत सुटले आहे, अक्षर बघ कसं

तू हाक मारलीस.

"आई, भूक लागलीय. खायला काय आहे?"

आले गं, आले.